डनब्लेनचा शोक आणि पिस्तुलांचा कायदा

इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह, सिंहासनें आणि राज्यक्रांत्या हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. आज मी ज्या इतिहासाविषयीं बोलणार आहें, त्यांत यांपैकीं कांहींच नाहीं. त्यांत स्कॉटलंडमधील एक लहानसें गांव आहे, शाळेची एक सकाळ आहे, तीन-चार मिनिटांचा काळ आहे. आणि त्या मिनिटांनंतर वीस महिन्यांनीं पुरा झालेला एक कायदा आहे. तीं मिनिटें आणि ते महिने यांच्यामध्यें काय घडलें, एवढाच आजचा विषय.

मोठा अनर्थ घडला म्हणजे सारा समाज हळहळतो. फुलें वाहिलीं जातात, मौन पाळलें जातें, पुढारी धांवून येतात, वृत्तपत्रांचे रकाने भरतात. आणि महिना-दोन महिन्यांत जो तो आपापल्या उद्योगास लागतो. यांत कोणाचा दोष आहे असें नाहीं. दुःख ओसरतें म्हणूनच माणूस जगूं शकतो. परंतु कायदा करावयाचा झाला तर त्यास महिने लागतात, केव्हां केव्हां वर्षें लागतात. शोकाची भरती आणि कायद्याची चाल यांचा मेळ सहसा बसत नाहीं. १९९६ सालीं डनब्लेन येथें घडलेल्या प्रकारानंतर तो बसला. तो कसा बसला, त्यासाठीं कोणीं काय सोसलें आणि त्यांतून हातीं काय आलें, हें पाहण्यासारखें आहे.

डनब्लेन हें गांव स्टर्लिंग शहराच्या उत्तरेस ॲलन नदीच्या कांठीं वसलेलें आहे. त्या वेळीं वस्ती सात-आठ हजारांची. गांवांत मध्ययुगांतील एक जुनें कॅथीड्रल आहे आणि त्याच्याच आसऱ्यानें हें गांव वाढलें. बुधवार ता. १३ मार्च १९९६ रोजीं सकाळीं साडेनऊच्या सुमारास तेथील प्राथमिक शाळेच्या पहिल्या इयत्तेचा एक वर्ग व्यायामशाळेंत जमला होता. मुलें पांच-सहा वर्षांचीं. इतक्यांत त्रेचाळीस वर्षांचा एक इसम आंत शिरला. त्याजवळ चार पिस्तुलें होतीं. पिस्तूल म्हणतांना मी रिव्हॉल्व्हरही त्यांतच धरतों. शिवाय सातशेंहून अधिक काडतुसें होतीं. तीन-चार मिनिटांत त्यानें शंभराहून अधिक गोळ्या झाडल्या. सोळा मुलें आणि त्यांची वर्गशिक्षिका यांचा अंत झाला. आणखी कित्येक मुलें व शिक्षक जखमी झाले. शेवटची गोळी त्यानें स्वतःवर झाडून घेतली.

त्या इसमाचें नांव मी येथें घेत नाहीं. मारणाऱ्याचें नांव जगभर व्हावें आणि मेलेल्यांचीं नांवें शेजाऱ्यांखेरीज कोणास आठवूं नयेत, असा अन्याय अशा प्रसंगीं नेहमीं घडतो. त्यांत आपण भर घालण्याचें कारण नाहीं.

बातमी पसरतांच आईबाप शाळेकडे धांवले. कोणाचें मूल सुखरूप आहे आणि कोणाचें नाहीं, हें कळावयास कांहीं कुटुंबांस कित्येक तास थांबावें लागलें. सकाळीं डबा देऊन, कोटाचीं बटणें लावून ज्यास शाळेंत पोंचविलें, त्याच्याविषयीं एका खोलींत बसून कोणीतरी येऊन सांगेल म्हणून वाट पाहणें, हें काय असतें त्याचें वर्णन करण्याचें धाडस मी करीत नाहीं. लहान मुलाला शाळेंत पाठविणें हा प्रत्येक घराचा समाजावरचा विश्वास असतो. आपलें सर्वांत मोलाचें धन आपण सहा तासांपुरतें परक्यांच्या स्वाधीन करतों आणि निर्धास्तपणें कामास जातों. डनब्लेनला त्या सकाळीं सतरा जीव तर गेलेच; पण ब्रिटनमधल्या घरोघरच्या या विश्वासालाही तडा गेला. म्हणूनच त्या गांवाचा शोक साऱ्या देशाचा शोक झाला.

दोन दिवसांनीं, १५ मार्चला, मुख्य प्रधान जॉन मेजर आणि विरोधी पक्षाचे पुढारी टोनी ब्लेअर हे दोघे बरोबरच डनब्लेनला गेले. पार्लमेंटांत एकमेकांवर तुटून पडणारे दोन पक्षनायक त्या दिवशीं एकत्र उभे होते. रविवार ता. १७ मार्च हा त्या वर्षीं ब्रिटनमधला मातृदिन होता. त्या दिवशीं एलिझाबेथ राणी आपल्या कन्येसह डनब्लेनला आली, आणि देशभर एक मिनिट मौन पाळण्यांत आलें. ज्या व्यायामशाळेंत हा प्रकार घडला ती पुढच्याच महिन्यांत पाडून टाकण्यांत आली.

येथपर्यंतची हकीकत, दुर्दैवानें, इतर अनर्थांच्या हकीकतीसारखीच आहे. पण शोकाचे पहिले दिवस ओसरूं लागतांच लोकांच्या मनांत एक साधा प्रश्न उभा राहिला. त्या इसमाजवळ हीं पिस्तुलें आलीं कोठून?

उत्तर असें होतें कीं, तीं चोरीचीं नव्हतीं, तस्करीचीं नव्हतीं. रीतसर परवान्यावर घेतलेलीं होतीं.

येथें थोडें मागें जावयास पाहिजे. ब्रिटनमध्यें पिस्तुलांच्या विक्रीवर पहिला किरकोळ निर्बंध घालणारा कायदा १९०३ सालीं झाला. पहिलें महायुद्ध संपलें, लक्षावधि शिपाई शस्त्रांची संवय घेऊन घरीं परतले, रशियांतील क्रांतीनें राज्यकर्त्यांच्या मनांत धास्ती निर्माण केली, आणि १९२० सालीं पार्लमेंटनें नियम केला कीं, बंदूक अगर पिस्तूल बाळगावयाचें तर पोलिसांकडून परवाना घ्यावा व त्यासाठीं योग्य कारण दाखवावें. १९६८ सालीं हे सारे नियम एकत्र करून नवा कायदा करण्यांत आला. नेमबाजीच्या मंडळाचें सभासदत्व हें योग्य कारण समजलें जाई. डनब्लेनच्या मारेकऱ्याचें कारणही तेंच होतें.

याच्या आधींही एक इशारा मिळाला होता. १९ ऑगस्ट १९८७ रोजीं इंग्लंडमधील हंगरफोर्ड या गांवीं एका तरुणानें सोळा माणसें मारून आत्महत्या केली. त्याजवळ एकामागून एक गोळ्या झाडणारी रायफल होती, तसेंच पिस्तूलही होतें, दोन्ही परवान्याचीं. त्यानंतर १९८८ सालीं जो कायदा झाला त्यानें तशा रायफली बंद केल्या. पिस्तुलांना मात्र हात लावला नाहीं. अर्धें दार लावून घेतलें आणि अर्धें उघडें ठेवलें. आठ वर्षांनीं त्याच उघड्या दारानें मृत्यु शाळेंत शिरला.

आणि डनब्लेनचा इसम कांहीं अज्ञात माणूस नव्हता. मुलांचे खेळाचे वर्ग चालविण्याचा त्याला नाद होता. त्याची वागणूक ठीक नाहीं म्हणून १९७४ सालींच बालवीर संस्थेनें त्यास दूर केलें होतें. पुढें पालकांच्या तक्रारी वेळोवेळीं येत राहिल्या. १९९१ सालीं एका पोलिस अंमलदारानें आपल्या वरिष्ठांस लेखी कळविलें कीं, या माणसाचा शस्त्रपरवाना रद्द करण्याचा विचार व्हावा. कागद वर गेला. वरून कांहीं कारवाई करूं नये असा शेरा पडला. त्यानंतरही परवाना चालूं राहिला, आणि १९९५ सालीं त्याचें नूतनीकरणही झालें.

श्रोतेहो, हा एक कागद मला साऱ्या प्रकरणांत सर्वांत बोलका वाटतो. कायदा नव्हता असें नाहीं. कायदा होता, कचेरी होती, शंका घेणारा माणूसही होता. पण ती शंका आणि ती सही यांच्यामध्यें कोठेंतरी हात आंखडला गेला. एखाद्या माणसाविरुद्ध गुन्हा शाबीत झालेला नाहीं; मग त्याचा परवाना काढून कसा घ्यावा? हा विचार एरव्हीं न्यायाचाच म्हटला पाहिजे. पण तो पिस्तुलाला लावतांना कोणीं तोलून पाहिला नाहीं.

आईबापांनीं आणि त्यांच्या स्नेह्यांनीं नेमकें या ठिकाणीं बोट ठेविलें. त्यांपैकीं कांहीं स्त्रियांनीं पुढाकार घेऊन एक विनंतिअर्ज तयार केला. त्याला नांव दिलें ‘स्नोड्रॉप’. स्नोड्रॉप हें इवलेंसें पांढरें फूल. थंडी सरतां सरतां, इतर झाडें अजून निजलेलीं असतां, तें जमिनींतून डोकें वर काढतें. मुलें गेलीं त्या मार्च महिन्यांत डनब्लेनला तेंच काय तें फुललेलें होतें. या अर्जाची मुख्य मागणी लहान मुलालाही कळेल अशी होती: खाजगी माणसाच्या हातीं पिस्तूल असूं नये.

या मागणीचा नेमकेपणा ध्यानांत घेण्यासारखा आहे. शोकाकुल माणसाला सारें जगच बदलावेंसें वाटतें. चित्रपट वाईट, वृत्तपत्रें वाईट, काळ वाईट, माणुसकी उरली नाहीं. हें सारें म्हणावयास मोकळीक होती, आणि असें म्हणणारे पुष्कळ होतेही. परंतु काळाविरुद्ध अर्ज करतां येत नाहीं. डनब्लेनच्या बायकांनीं एकच वस्तु निवडली, ती वस्तु कोणत्या कायद्याखालीं लोकांच्या घरांत येते हें समजून घेतलें, आणि तो कायदा बदलण्याचा अधिकार ज्या सभेस होता तिच्याच दारांत त्या गेल्या. त्या काळीं घराघरांत संगणक नव्हते. सह्या कागदावरच गोळा कराव्या लागत. तरीही कांहीं महिन्यांतच सात लक्षांच्या आसपास सह्या जमल्या आणि जुलै महिन्यांत तो अर्ज पार्लमेंटकडे गेला.

विरुद्ध बाजू गप्प होती असें कोणीं समजूं नये. आणि ती सर्वस्वीं चुकीची होती असेंही समजूं नये. नेमबाजी हा ब्रिटनमधील जुना खेळ. ऑलिंपिकमध्यें त्याला स्थान आहे. हजारों लोक वर्षानुवर्षें पिस्तुलें बाळगीत होते, मंडळांत जाऊन नेम धरीत होते आणि घरीं येऊन तीं कुलुपांत ठेवीत होते. त्यांनीं कधीं कोणाच्या केसालाही धक्का लावला नव्हता. एका माथेफिरूच्या पापाचें प्रायश्चित्त आम्हीं कां घ्यावें, असें ते विचारीत. खऱ्या गुन्हेगाराचें पिस्तूल परवान्याचें नसतें. त्याला तुमचा कायदा काय करणार, असाही त्यांचा सवाल होता. ऑगस्ट महिन्यांत पार्लमेंटच्या गृहखात्याच्या समितीनें आपला अहवाल दिला, तेव्हां तींतील हुजूर पक्षाच्या बहुमतानें पिस्तुलबंदीच्या विरुद्धच मत दिलें. डिसेंबरांत तर राणीचे पति ड्यूक ऑफ एडिंबरो यांनीं नभोवाणीवरील मुलाखतींत असा दाखला दिला कीं, एखाद्या क्रिकेट खेळणाऱ्यानें शाळेंत शिरून बॅटीनें मुलें मारलीं तर आपण बॅटींवर बंदी घालणार काय? त्यावर इतका गहजब झाला कीं राजवाड्यास दिलगिरी व्यक्त करावी लागली.

दाखला दुखविणारा होता. पण नुसतें दुखावून घेऊन त्याचें उत्तर होत नाहीं. उत्तर त्या सकाळच्या हिशेबांतच होतें. बॅट घेऊन शिरलेल्या माणसास कोणीतरी आडवें जातें, कोणीतरी त्याचा हात धरतें, मुलें पळून जातात. तीन-चार मिनिटांत शंभराहून अधिक गोळ्या झाडणाऱ्याचा हात कोण धरणार? वस्तु निर्जीव असते हें खरें. पण माणसाच्या क्षणिक दुष्टपणाला ती किती लांब हात देते, हें वस्तूवस्तूंत निराळें असतें. खेळ म्हणून बाळगलेल्या वस्तूचा हात इतका लांब असावा काय, हा मूळ प्रश्न होता.

सरकारनें या प्रकरणाची चौकशी न्यायमूर्ति लॉर्ड कलन यांच्याकडे सोंपविली होती. मे महिन्याच्या अखेरीस स्टर्लिंग येथें चौकशी सुरू झाली आणि सव्वीस दिवस चालली. तक्रारी, परवाने, पोलिसांचे कागद, सारें एकेक करून उघड्यावर मांडलें गेलें. १६ ऑक्टोबर १९९६ रोजीं अहवाल प्रसिद्ध झाला. परवाना रद्द करण्यासारखें कारण होतें आणि त्याप्रमाणें कृति व्हावयास पाहिजे होती, असें मत लॉर्ड कलन यांनीं स्पष्टपणें दिलें. पिस्तुलांच्या बाबतींत मात्र त्यांनीं सरसकट बंदी सुचविली नाहीं. खेळ नसेल तेव्हां पिस्तुलाचा महत्त्वाचा भाग काढून ठेवावा, आणि तें व्यवहार्य नसेल तर अनेक गोळ्यांचीं पिस्तुलें खाजगी व्यक्तींनीं बाळगण्यास बंदी करावी, असें त्यांनीं सुचविलें.

लोकमत या शिफारशींच्या पुढें गेलेलें होतें. हुजूर सरकारचे गृहमंत्री मायकेल हॉवर्ड यांनीं मोठ्या पिस्तुलांवर बंदी घालणारें विधेयक आणलें. त्यांतून लहान व्यासाच्या, ज्यांस पॉइंट बावीस म्हणतात त्या, पिस्तुलांना सूट होती. मात्र तीं घरीं न ठेवतां मंडळाच्या जागेंतच ठेवावयाचीं होतीं. हा कायदा २७ फेब्रुवारी १९९७ रोजीं संमत झाला. मे महिन्यांत सार्वत्रिक निवडणूक होऊन मजूर पक्ष अधिकारावर आला. या पक्षानें पूर्ण बंदीचा पक्ष आधींच उचलला होता. त्यानें उरलेली सूटही काढून टाकली, आणि २७ नोव्हेंबर १९९७ रोजीं दुसरा कायदा झाला. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड यांत खाजगी पिस्तूल बाळगणें जवळजवळ संपुष्टांत आलें. उत्तर आयर्लंडला हा कायदा लागूं नव्हता. दोन वर्षांत एक लक्ष साठ हजारांच्या आसपास पिस्तुलें सरकारजमा झालीं. त्यांच्या मालकांस सरकारनें भरपाई दिली, ही गोष्टही विसरूं नये. तुम्ही गुन्हेगार नाहीं, तुमचा त्याग मात्र आम्हांस हवा आहे, असेंच जणूं त्या भरपाईनें सांगितलें. त्या त्यागाची किंमतही खरी होती. २०१२ सालीं लंडनलाच ऑलिंपिक सामने भरले, तेव्हां पिस्तुलाच्या स्पर्धांसाठीं खास परवानगीची व्यवस्था करावी लागली.

आपल्याकडील श्रोत्यांच्या मनांत येथें एक शंका येणें स्वाभाविक आहे. शस्त्रबंदी म्हटली कीं आपल्याला १८७८ चा हत्यारांचा कायदा आठवतो. लॉर्ड लिटनच्या अमदानींतील त्या कायद्यानें हिंदी माणसास परवान्यावांचून शस्त्र बाळगण्याची मनाई केली आणि युरोपियनांस मोकळें ठेवलें. राष्ट्रसभेच्या आरंभींच्या अधिवेशनांपासून त्याविरुद्ध ठराव होत आले; १९३१ च्या कराची येथील मूलभूत हक्कांच्या ठरावांत तर, नियमांस धरून शस्त्र बाळगण्याचा हक्कही नमूद करण्यांत आला होता. मग ज्या पार्लमेंटच्या सत्तेखालीं आपलीं शस्त्रें काढून घेतलीं गेलीं, तिनेंच स्वतःच्या प्रजेचीं शस्त्रें काढून घेतलीं, त्याचें कौतुक आपण कां करावें? उत्तर असें कीं, दोन्ही कायद्यांत हत्यार तेंच असलें तरी हात निराळे आहेत. एक कायदा राज्यकर्त्यांनीं प्रजेच्या भीतीनें केला. दुसरा प्रजेनें मुलांच्या काळजीनें मागून घेतला. एकांत रंग पाहून सूट दिली गेली. दुसऱ्यांत सर्वांवर सारखेंच बंधन आलें. शस्त्राचा प्रश्न हा अखेर विश्वासाचा प्रश्न आहे. कोणाचा कोणावर विश्वास नाहीं, हें पाहिल्यावांचून कोणत्याही शस्त्रबंदीचें मोल ठरवितां येत नाहीं.

डनब्लेननंतर सहाच आठवड्यांनीं, २८ एप्रिल १९९६ रोजीं, ऑस्ट्रेलियांत टास्मानिया बेटावरील पोर्ट आर्थर येथें पस्तीस माणसें मारलीं गेलीं. बारा दिवसांच्या आंत त्या देशांतील केंद्र व राज्यसरकारें नव्या शस्त्रनियमांवर एकमत झालीं, आणि पुढें सहा लक्षांहून अधिक बंदुका सरकारनें विकत घेतल्या. याच्या उलट अमेरिकेची गोष्ट. १४ डिसेंबर २०१२ रोजीं कनेक्टिकट राज्यांतील न्यूटाउन येथें, सँडी हुक शाळेंत, सहा-सात वर्षांचीं वीस मुलें आणि सहा मोठीं माणसें मारलीं गेलीं. अमेरिकेचा शोक डनब्लेनच्या शोकाहून तिळभरही कमी नव्हता. मृत मुलांचे आईबाप वॉशिंग्टनला जाऊन सेनेटरांना भेटले. बंदूक विकत घेणाऱ्याची पूर्वपीठिका अधिक ठिकाणीं तपासावी, एवढीच माफक सूचना पुढें आली. १७ एप्रिल २०१३ रोजीं सेनेटमध्यें तिला ५४ मतें मिळालीं. पण तेथील नियमाप्रमाणें ६० मतें हवीं होतीं. बहुमत मिळूनही सूचना पडली. कनेक्टिकट व न्यूयॉर्क या राज्यांनीं आपापले कायदे कडक केले. पण साऱ्या देशासाठीं महत्त्वाचा असा कायदा व्हावयास जून २०२२ उजाडावा लागला. आणि तोही टेक्सासमधील उव्हाल्डी येथें एकोणीस मुलें व दोन शिक्षिका मारल्या गेल्यानंतर.

एवढ्यावरून अमेरिकन माणूस मुलांवर कमी प्रेम करतो असा निष्कर्ष काढणें क्रूरपणाचें होईल. तेथें शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ पासून घटनेंत लिहिलेला आहे, आणि २००८ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो व्यक्तीचा हक्क मानला. ब्रिटनमध्यें तो हक्क उरला नव्हता. ती एक सवलत होती, आणि सवलत देणारी सभा ती काढूनही घेऊं शकत होती. तेथें दोन्ही मोठे पक्ष कमी-अधिक त्याच दिशेनें चाललेले होते, आणि निवडणूक तोंडावर आली होती. शोक सगळीकडे सारखाच असतो. पण त्याला वाट करून देणारीं दारें सगळीकडे सारखीं नसतात.

आतां शेवटचा आणि अवघड प्रश्न. या कायद्यानें साधलें काय? खरें तें सांगावयास पाहिजे. कायद्यानंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत इंग्लंड व वेल्समध्यें पिस्तुलांचे गुन्हे कमी झाले नाहींत, उलट वाढले. तीं पिस्तुलें परवान्याचीं नव्हतींच. पुढें ते गुन्हे उतरले. पण त्याचें सारें श्रेय या कायद्यास देतां येणार नाहीं. २०१० सालीं कंब्रिया परगण्यांत एका माणसानें बारा जणांस मारलें, तें परवान्याची शॉटगन व रायफल घेऊन. ऑगस्ट २०२१ मध्यें प्लिमथ येथें एका तरुणानें पांच जणांस मारलें, तेंही परवान्याच्या शॉटगननें. ती बंदूक पोलिसांनीं एकदां त्याच्याकडून काढून घेतली होती. आणि अवघे कांहीं आठवडे आधीं ती त्यास परत दिली होती. १९९१ सालच्या त्या कागदाची आठवण येथें कोणास होणार नाहीं? कायदा दार लावतो. पण किल्ली अखेर कोणातरी माणसाच्या हातीं असते. ती किल्ली धरणारा हात जागा नसेल, तर पार्लमेंटचे सर्व ठराव कपाटांत पडून राहतात.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १९९६ नंतर ब्रिटनमधील शाळेंत तसा संहार पुन्हा घडलेला नाहीं. जें घडलें नाहीं त्याला स्मारक नसतें, त्यासाठीं कोणी फुलें वाहत नाहीं. तरी स्नोड्रॉपच्या सह्यांचें फळ तेंच आहे.

डनब्लेनच्या त्या शाळेंत त्या दिवशीं आठ वर्षांचा एक मुलगा होता. तो वांचला, मोठा झाला, आणि २०१३ सालीं विंबल्डनला पुरुषांचा एकेरी टेनिसचा अजिंक्य ठरला. त्याचें नांव अँडी मरे. आज डनब्लेन म्हटल्यावर पुष्कळांस प्रथम तो आठवतो, आणि गांवकऱ्यांना त्याचें समाधान वाटत असेल तर नवल नाहीं. वर्गांतल्या त्या सोळा मुलांनाही मोठें होऊन कांहींतरी व्हावयाचें होतें. काय, तें आतां कोणालाच सांगतां येणार नाहीं.

त्यांच्यासाठीं रडणें हा त्यांच्या घरच्यांचा हक्क होता. साऱ्या देशानें रडावें हेंही योग्यच होतें. पण अश्रू पुसून झाल्यावर, हें कसें घडलें, कोणत्या कागदावर कोणाची सही होती, आणि पुन्हा घडूं नये म्हणून आपण स्वतः काय सोडावयास तयार आहों, असें विचारणारा शोकच मेलेल्यांच्या खऱ्या उपयोगीं पडतो. डनब्लेनच्या आईबापांनीं आपल्या शोकाला हे प्रश्न विचारावयास शिकविलें, आणि उत्तर मिळेपर्यंत वीस महिने त्याला विझूं दिलें नाहीं. त्यांचें इतिहासांतील स्थान माझ्या मतें एवढ्यासाठींच आहे.